विश्लेषण : लेखकाने रंगमंचावर का उभे राहावे? धाराशिवची दोन संमेलने आणि मधला सुटलेला धागा

नाट्य संमेलनही झाले, साहित्य संमेलनही झाले. तरी जिल्ह्यातला लिहिणारा आणि जिल्ह्यातला सादर करणारा एकमेकांसमोर आले का? मराठवाड्यात या दोघांचे नाते किती जुने आहे आणि ते आज का महत्त्वाचे आहे, याचा हा आढावा.

एप्रिल २०१७ मध्ये तेव्हाच्या उस्मानाबादेत ९७वे अखिल भारतीय मराठी नाट्य संमेलन झाले. अध्यक्ष होते ज्येष्ठ नट जयंत सावरकर. त्यानंतर तीन वर्षेही झाली नव्हती, तोच १० ते १२ जानेवारी २०२० या तीन दिवसांत त्याच शहरात ९३वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो, उद्घाटक ना. धों. महानोर आणि संमेलननगरीला नाव तेरच्या संत गोरोबा काकांचे. एरवी पाणीटंचाई, पीकविमा आणि तुळजापूरची गर्दी एवढ्यापुरतेच बातम्यांत येणारे हे शहर. त्याने दोन्ही मांडव उभे केले, हजारो पाहुण्यांना जेवू घातले आणि नंतर मांडव उतरवले.

दोन्ही मांडवांत भाषा एकच होती. पण एका ठिकाणी नट आले, दुसऱ्या ठिकाणी लेखक. हा धाराशिवचा दोष नाही. मराठीत ही वाटणी शतकाहून जुनी आहे. ग्रंथकारांचे पहिले संमेलन १८७८ मध्ये पुण्यात न्यायमूर्ती रानडे यांच्या अध्यक्षतेखाली झाले. नाटकवाल्यांनी १९०५ मध्ये मुंबईत दादासाहेब खापर्डे यांना अध्यक्ष करून स्वतःचे वेगळे संमेलन सुरू केले. तेव्हापासून दोन परिषदा, दोन घटना, दोन निवडणुका आणि दोन वेगळी भांडणे असा संसार सुरू आहे.

गंमत म्हणजे सरकारी कागदावर ही फारकत नाही. राज्य सरकार वृद्ध लेखकांना आणि कलावंतांना जे मानधन देते, त्या योजनेचे आजचे नाव ‘राजर्षी शाहू महाराज ज्येष्ठ साहित्यिक व कलावंत मानधन सन्मान योजना’ असे आहे. महिन्याला पाच हजार रुपये. अर्ज एकच, निवड समिती एकच. कवितासंग्रह काढलेले निवृत्त शिक्षक आणि संबळ वाजवून आयुष्य काढलेला गोंधळी एकाच यादीत येतात. सांस्कृतिक कार्य विभागाला जे सुचले, ते आपल्या साहित्य व्यवहाराला सुचलेले नाही.

गोंधळी हा लेखक की नट?

सुरुवात तुळजापूरपासूनच करावी लागते. गोंधळ्यांमध्ये कदमराई आणि रेणुराई अशा दोन शाखा मानल्या जातात. कदमराई तुळजाभवानीचे, रेणुराई माहूरच्या रेणुकेचे. लग्न झाले, घरात मंगलकार्य झाले की रात्री गोंधळ घातला जातो. चौक मांडतात, दिवटी पेटते, संबळ, तुणतुणे आणि झांज लागते, गावोगावच्या देवदेवतांना नाव घेऊन बोलावणे जाते. त्यानंतर आख्यान सुरू होते. हा सगळा विधी आहे हे खरे, पण आख्यान सुरू झाले की जे घडते त्याला नाटकाखेरीज दुसरा शब्द नाही.

नाईक गोष्ट सांगतो. साथीदार त्याला अडवतो, मुद्दाम चुकीचे ऐकतो, बावळट प्रश्न विचारतो, समोर बसलेल्या एखाद्या पाहुण्याची फिरकी घेतो. नाईक क्षणात राजा होतो, क्षणात राणी, परत नाईक. कोणत्या घरी कोणता प्रसंग लांबवायचा आणि कोणता आटोपता घ्यायचा, हे समोरच्या माणसांकडे बघून ठरते. लेकीच्या लग्नाचे घर असेल तर सासरी जाणाऱ्या नायिकेचा प्रसंग वाढतो. पहाट होत आली आणि पोरे पेंगू लागली की लढाई लवकर येते. म्हणजे लिहिणे, संपादन करणे आणि सादर करणे ही तिन्ही कामे एकच माणूस एकाच वेळी करत असतो. त्याच्या हातात वही नसते, इतकेच.

हा प्रकार लिहिणाऱ्यांच्या नजरेतून सुटला असता तरच नवल. पैठणच्या एकनाथांनी सोळाव्या शतकात भारुडे लिहिली तेव्हा त्यांनी स्वतःच्या आवाजात उपदेश करण्याऐवजी गावातून फिरणाऱ्या माणसांचे आवाज उसने घेतले. जोशी, वासुदेव, महार, भुत्या, गोंधळी. ‘रोडगा’ नावाचे त्यांचे भारूड तर थेट भवानीलाच उद्देशून आहे. सासुरवाशीण देवीला नवस करते आणि एकेक करून घरातली सगळी माणसे हटवून मागते, शेवटी नवऱ्याचाही नंबर लागतो. अध्यात्माचा अर्थ नंतर लावता येतो. आधी ऐकणाऱ्या बायका हसतात, आणि त्या का हसतात हे एकनाथांना पक्के ठाऊक होते. संस्कृत जाणणारा, भागवतावर टीका लिहिणारा पंडित सुनेचा आवाज काढतो, ही मराठी लेखनातली फार मोठी घटना आहे. आपण ती शाळेत दोन गुणांच्या टिपेत उरकतो.

पोवाड्याचेही तसेच. अफजलखानाच्या वधावर अज्ञानदासाने १६५९ मध्ये रचलेला पोवाडा हा उपलब्ध जुन्या पोवाड्यांपैकी एक. त्यात तुळजापूरची भवानी येणे ओघानेच आले. रा. चिं. ढेरे यांनी ‘लोकसंस्कृतीचे उपासक’ या १९६४च्या पुस्तकात गोंधळी, वासुदेव, पोतराज या मंडळींची नोंद घेतली, तेव्हा कुठे विद्यापीठांना या परंपरेकडे वाङ्मय म्हणून पाहावेसे वाटू लागले. त्याच्याही शंभर वर्षे आधी एका इंग्रज अधिकाऱ्याला ती दिसली होती. निजामाने नळदुर्गचा भाग इंग्रजांकडे सोपवला तेव्हा फिलिप मेडोज टेलर तिथे कारभार पाहत होता. किल्ल्यात राहून त्याने या मुलखाच्या कथा ऐकल्या आणि १८६३ मध्ये ‘तारा’ ही कादंबरी छापली. नायिका तुळजापूरची, देवीची मुरळी झालेली. टेलरच्या साहेबी चष्म्याबद्दल बरेच बोलता येईल, पण धाराशिव जिल्ह्यातल्या सादरीकरणाच्या परंपरेतून कादंबरी निघू शकते हे त्याला कळले होते.

छापखाना नव्हता तेव्हा

मराठवाड्यात हे नाते इतके घट्ट का राहिले, याचे एक साधे राजकीय कारण आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा भाग निजामाच्या राज्यात होता. दरबारची भाषा उर्दू, आणि १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात शिक्षणाचे माध्यमही उर्दू. पुण्या-मुंबईत मराठी मासिके, प्रकाशक आणि वाचनालये फोफावत होती तेव्हा इथे मराठी छापण्याची सोयही अपुरी होती आणि मोकळीकही. मराठी टिकली ती कीर्तनात, भजनात, मेळ्यांत, आराध्यांच्या गाण्यांत आणि जात्यावर. येरमाळ्याच्या येडेश्वरीच्या चैत्री यात्रेत, अणदूर-नळदुर्गच्या खंडोबाच्या जागरणात. ज्या प्रदेशाला छापील पान उशिरा मिळाले, त्याचे साहित्य तोंडात राहिले. त्यामुळे इथला लेखक लिहायला बसतो तेव्हा त्याच्या कानात आधीच एक सादरीकरण सुरू असते. ‘काय करायलास?’ हा प्रश्न त्याने वाचलेला नसतो, ऐकलेला असतो.

तीन कथाकार, तीन अध्यक्षपदे

इथे एक योगायोग सांगितलाच पाहिजे. व्यंकटेश माडगूळकर, शंकर पाटील आणि द. मा. मिरासदार या तिघांनी साठच्या दशकापासून महाराष्ट्रभर फिरून एकत्र कथाकथन केले. तिघेही पश्चिम महाराष्ट्राचे. पण तिघांनाही साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद मिळाले ते मराठवाड्यात. माडगूळकर १९८३ मध्ये अंबाजोगाईला, शंकर पाटील १९८५ मध्ये नांदेडला, मिरासदार १९९८ मध्ये परळी वैजनाथला. अंबाजोगाई आणि परळी तर धाराशिवच्या शेजारच्याच बीड जिल्ह्यातली. अध्यक्ष निवडण्याची पद्धत पाहता यात मराठवाड्याच्या श्रोत्यांचा हात होता असे म्हणता येणार नाही. तरीही ज्या मुलखात गोष्ट ऐकण्याची सवय सर्वांत जुनी, तिथेच या तिघांचा सन्मान व्हावा, हे छान जुळून आले.

या तिघांनी काय केले ते आज नीट सांगावे लागते, कारण ‘कथाकथन’ म्हटले की अनेकांना शाळेतली स्पर्धा आठवते. पुस्तक हातात धरून वाचणे म्हणजे कथावाचन. कथाकथनात कागद बाजूला ठेवून गोष्ट सांगायची असते. पाटलांची ‘धिंड’ किंवा मिरासदारांची ‘भुताचा जन्म’ श्रोत्यांनी आधी वाचलेली असली तरी ते पुन्हा येत. लेखक त्या गोष्टीतला पाटील, तराळ, मास्तर, म्हातारी हे सगळे स्वतःच होत असे. वेशभूषा नाही, नेपथ्य नाही, शेजारी पाण्याचा तांब्या. गणेशोत्सवाचा मांडव असो की व्याख्यानमालेचे सभागृह, पुस्तक विकत घेण्याची ऐपत किंवा ते वाचण्याची सवय नसलेला माणूसही या साहित्याचा गिऱ्हाईक झाला.

‘भुताचा जन्म’ ही कथाच मुळी सांगण्याबद्दलची आहे. रात्री दिसलेली एक साधी गोष्ट एका तोंडातून दुसऱ्या तोंडात जाताना वाढत जाते आणि शेवटी गावात भूत तयार होते. ज्याला माणसे गोष्ट कशी सांगतात याचा कान आहे, त्यालाच अशी कथा सुचते. तिघांच्या नोकऱ्याही पाहण्यासारख्या. माडगूळकरांनी आकाशवाणीच्या पुणे केंद्रावर ग्रामीण कार्यक्रमांचे काम वर्षानुवर्षे केले, मिरासदारांनी महाविद्यालयात शिकवले, पाटलांचेही आयुष्य आकाशवाणी आणि शिक्षण क्षेत्रात गेले. माइकपुढे किंवा फळ्यापुढे उभे राहून समोरचा कंटाळला का, हे ओळखायचा रोजचा सराव त्यांना होता. नाटक-सिनेमाही त्यांना परका नव्हता. माडगूळकरांनी ‘तू वेडा कुंभार’सारखे नाटक आणि ‘बिकट वाट वहिवाट’सारखे लोकनाट्य लिहिले, पाटलांनी ‘पिंजरा’चे संवाद लिहिले, मिरासदार ‘एक डाव भुताचा’ची पटकथा लिहून पुन्हा त्यात मास्तर म्हणून पडद्यावरही आले.

स्त्रियांमध्ये गिरिजा कीर यांनी कथाकथनाचे कार्यक्रम सातत्याने केले. कवितेत विंदा करंदीकर, वसंत बापट आणि मंगेश पाडगावकर या त्रयीने हेच काम केले. तो विषय मोठा आहे, पण इथे कथेपुरते बोलू.

एकटा माणूस, ५२ पात्रे

मराठवाड्याचे स्वतःचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे लक्ष्मण देशपांडे. औरंगाबादच्या विद्यापीठात नाट्यशास्त्र शिकवणाऱ्या या प्राध्यापकाने ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ स्वतः लिहिले आणि स्वतः एकट्याने केले. मराठवाड्यातल्या खेड्यातून लग्नासाठी विमानाने लंडनला निघालेले वऱ्हाड, त्यातली बावन्न पात्रे, आणि रंगमंचावर माणूस एकच. गिनीज बुकात त्याची नोंद झाली. २००९ मध्ये देशपांडे गेले, पण पुढे संदीप पाठक यांनी तो प्रयोग चालू ठेवला.

या प्रयोगाने काय साधले ते पाहा. मराठवाडी बोली तोपर्यंत मराठी रंगभूमीवर बहुतेक वेळा नोकराच्या किंवा अडाणी पाहुण्याच्या तोंडी असे. दीड मिनिट हशा मिळवून ती विंगेत जात असे. इथे ती पूर्ण प्रयोगभर मध्यभागी राहिली. म्हातारीची मराठवाडी वेगळी, तरुणाची वेगळी, गावच्या पुढाऱ्याची वेगळी. बोली ही एकच एक वस्तू नसते, तिच्यात वय, जात, पैसा, शिक्षण सगळे ऐकू येते, हे पुस्तकी भाषाशास्त्र न सांगता लाखो प्रेक्षकांना समजले. असे लेखन टेबलाशी बसून होत नाही. प्रत्येक पात्राचे वाक्य आधी स्वतःच्या तोंडात बसवावे लागते. पु. ल. देशपांडे यांचा मार्गही याच बाजूने गेला होता. ‘बटाट्याची चाळ’ पुस्तकरूपाने १९५८ मध्ये आली आणि १९६१ पासून पु. ल. एकटे ती अख्खी चाळ रंगमंचावर वसवू लागले. फरक इतकाच की पु.लं.ची चाळ मुंबईची होती आणि तिची भाषा आधीच प्रतिष्ठित होती. देशपांडे यांना भाषेची प्रतिष्ठाही प्रयोगातच कमवावी लागली.

धाराशिवपासून तासाभराच्या अंतरावरच्या बार्शीने दिलेला माणूस वेगळ्या वाटेचा. शाहीर अमर शेख. जन्माचे नाव मेहबूब, १९१६ सालचा जन्म. गाडीवर क्लीनर, गिरणीत कामगार, मग पक्षाचा शाहीर. अण्णा भाऊ साठे आणि द. ना. गवाणकर यांच्यासोबत त्यांनी १९४४ मध्ये लाल बावटा कलापथक उभे केले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांचा आवाज मैदानभर पोहोचायचा हे सगळे सांगतात. ‘कलश’ आणि ‘धरतीमाता’ हे त्यांचे कवितासंग्रह आहेत हे मात्र थोडे लोक सांगतात. १९६१च्या ‘प्रपंच’ चित्रपटात त्यांनी कुंभाराची भूमिका केली. तिकडे अण्णा भाऊ एकाच हयातीत वगनाट्ये लिहीत, गात, रंगमंचावर उभे राहत आणि ‘फकिरा’सारखी कादंबरीही लिहीत. ‘फकिरा’तले प्रसंग ज्या वेगाने सरकतात, त्यामागे कलापथकाच्या फडावर झालेली तालीम आहे. उघड्या मैदानावर दमलेल्या कामगारापुढे वर्णनाची दोन पाने वाचता येत नाहीत.

नेमके काय घडते?

लेखक स्वतःचे लेखन तोंडाने सांगतो तेव्हा काही गोष्टी अगदी यंत्रासारख्या, नेमाने घडतात. पहिली श्वासाची. कागदावर सहज चालणारे चाळीस शब्दांचे वाक्य बोलताना मध्येच फुटते. ते कुठे फुटले ते लक्षात आले की पुढच्या वेळी तिथेच पूर्णविराम येतो. दुसरी, हशाची जागा. लेखकाला वाटते विनोद तिसऱ्या वाक्यात आहे, लोक दुसऱ्यातच हसतात. म्हणजे तिसरे वाक्य फालतू होते. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे खोटे वाक्य. पात्राच्या तोंडी लेखकाने स्वतःचे मत घातले असेल तर वाचताना ते खपते, बोलताना खपत नाही. जीभ अडखळते. अभिनय शिकवणारे नटाला सांगतात, या माणसाला या क्षणी काय हवे आहे ते शोध. लेखकानेही हाच प्रश्न विचारायचा असतो, पण टेबलाशी बसून तो टाळता येतो. लोकांसमोर उभे राहिल्यावर टाळता येत नाही.

चार्ल्स डिकन्सने १८५८ पासून मृत्यूच्या वर्षापर्यंत, १८७०पर्यंत, स्वतःच्या कादंबऱ्यांचे तिकीट लावून वाचन केले. त्यासाठी तो पुस्तकाच्या खास प्रती बनवत असे. त्यात परिच्छेद खोडलेले, शब्द बदललेले आणि समासात आवाज, हावभाव यांच्या सूचना लिहिलेल्या. शेक्सपिअरचे नाव तर बेन जॉन्सनच्या १५९८च्या नाटकातल्या नटांच्या यादीत आहे. आपल्याकडे अण्णासाहेब किर्लोस्कर स्वतः रंगमंचावर उभे राहत. गोविंद बल्लाळ देवल ‘शारदा’ लिहीत आणि नटांच्या तालमीही घेत. राम गणेश गडकरी किर्लोस्कर नाटक मंडळीत मुलांचे मास्तर होते. नाटक मंडळीच्या बिऱ्हाडात राहून, तालमी ऐकून त्यांची भाषा घडली. जानेवारी १९१९ मध्ये ते वारले आणि पुढच्याच महिन्यात बडोद्याला ‘एकच प्याला’ रंगमंचावर आले. सिंधू बालगंधर्वांची, सुधाकर गणपतराव बोडसांचा. लिहिणारा नव्हता, तरी त्याची वाक्ये नटांच्या तोंडी चपखल बसली, कारण ती तशीच घडलेली होती.

पण टाळ्यांचे काय?

या सगळ्याला एक ठाम उत्तर आहे आणि त्याचे नाव जी. ए. कुलकर्णी. धारवाडला राहून, सभा-संमेलने कटाक्षाने टाळून या लेखकाने मराठी कथा जिथे नेली, तिथे टाळ्यांचा आवाज पोहोचत नाही. त्यांच्या कथा मांडवात सांगता येणार नाहीत. सांगितल्या तर त्यांचे वजन जाईल. तेव्हा प्रत्येक लेखकाने नट व्हावे असा नियम कोणी केला तर तो मूर्खपणा होईल.

दुसरा आक्षेप अधिक जवळचा आहे. कथाकथनाच्या लाटेत पुढे अशी पिढी आली जिने गोष्टीआधी हशाच लिहिला. ठरावीक बेरकी म्हातारा, ठरावीक झिंगलेला सरपंच, ठरावीक शिव्या. कविसंमेलनांतही ‘घेणारी’ कविता आणि ‘न घेणारी’ कविता अशी प्रतवारी सुरू झाली. आता मोबाइलवर तीस सेकंदांत हाच हिशेब चालतो. मराठवाडी बोलीत बोलले की लोक हसतात, म्हणून बोलीत फक्त हसवायचेच. लक्ष्मण देशपांडे यांनी जी भाषा मध्यभागी आणली, ती अशाने पुन्हा नोकराच्या भूमिकेत जाते.

हा आक्षेप खरा आहे, पण तो सादरीकरणावर नाही, प्रेक्षकांच्या एकाच प्रकारावर आहे. हजार माणसांच्या मांडवात हशा हीच एक प्रतिक्रिया ऐकू येते. तीस माणसांच्या खोलीत शांतताही ऐकू येते. कळंब तालुक्यातल्या हासेगावचे भास्कर चंदनशिव यांची ‘लाल चिखल’ घ्या. टोमॅटोचा भाव पडत जातो आणि बाजारात एक बाप स्वतःच पिकवलेला माल पायांखाली तुडवतो, मुलगा ते पाहतो. ही कथा पुष्कळांनी डोळ्यांनी वाचली आहे. मोठ्याने वाचून पाहिली तर लक्षात येते की तिच्यातला बाजार ऐकण्यासाठीच लिहिलेला आहे. भावाची घासाघीस, गिऱ्हाइकांची वाक्ये, आणि शेवटी संवाद संपून नुसती कृती. तिथे कोणी टाळी वाजवणार नाही. ज्या जिल्ह्यात आजही भाव पडला की टोमॅटो रस्त्यावर ओतला जातो, तिथल्या श्रोत्यांपुढे ती कथा सांगितली तर खोलीत काय होईल, हे त्या कथेच्या लेखनाबद्दल कोणत्याही समीक्षेहून अधिक सांगेल.

धाराशिवपुढचा खरा प्रश्न

साडेसोळा लाख लोकसंख्येच्या (२०११ची जनगणना) या जिल्ह्यात लिहिणारे कमी नाहीत. दिवाळी अंक आला की ते दिसतात. सादर करणारेही कमी नाहीत. नवरात्रात तुळजापूरला गेले की कोपऱ्याकोपऱ्यावर दिसतात. अडचण अशी की लिहिणाऱ्याची पुढची पायरी म्हणजे पदरमोड करून पुस्तक छापणे आणि सादर करणाऱ्या तरुणाची पुढची पायरी म्हणजे पुण्या-मुंबईची बस पकडणे, अशी समजूत झाली आहे. दोघांच्या मधली पायरी, म्हणजे आपल्याच गावात, ओळखीच्या तीस-चाळीस माणसांपुढे, अपुरे लेखन सांगून पाहण्याची जागा, कुठेच नाही. प्रकाशन समारंभ ही ती जागा नव्हे. तिथे पुस्तक छापून झालेले असते आणि सगळे वक्ते स्तुतीच करणार हे ठरलेले असते. स्पर्धाही ती जागा नव्हे, कारण तिथे परीक्षक आणि घड्याळ असते.

अखिल भारतीय संमेलनाकडून ही अपेक्षा करणेही चूक. तीन दिवसांच्या गर्दीत ठराव होतात, पुस्तके खपतात, लेखक दिसतात. त्याचे मोल आहेच. पण संमेलनाने शहराला मिळते ते हुरूप, सवय नव्हे. २०१७ आणि २०२०चा हुरूप ओसरल्यावर उरलेली जागा स्थानिक साहित्य परिषद शाखा आणि नाट्य परिषद शाखा यांनी एकत्र बसून भरायला हवी होती. अजूनही भरता येईल. त्यासाठी मोठे नाट्यगृह लागत नाही. सार्वजनिक ग्रंथालयांचे वाचन कक्ष संध्याकाळी सातनंतर बहुतेक ठिकाणी रिकामे असतात. एक सतरंजी, चालला तर माइक, नाहीतर तोही नको.

त्यात गोंधळाकडून एक गोष्ट जरूर उचलावी, ती म्हणजे साथीदार. कथा सांगणाऱ्या लेखकाशेजारी नाटकातला एखादा नट किंवा खरोखरचा गोंधळी बसवावा आणि त्याला अडवायची पूर्ण मुभा द्यावी. ‘म्हणजे रं काय?’, ‘मग ती कुठं गेली?’, ‘हे तुला कोण सांगितलं?’ एवढे तीन प्रश्न योग्य जागी आले तरी कथेतले पोकळ भाग आपोआप उघडे पडतील. गोंधळ्यालाही त्याच्या कामाचे पैसे द्यावेत, हार आणि नारळावर बोळवण करू नये. लेखकाने त्या रात्रीची वही जपून ठेवावी, डिकन्ससारखी समासात खुणा केलेली. दुसऱ्या महिन्यात तीच कथा कळंबला सांगावी, तिसऱ्या महिन्यात परंड्याला. परंड्यात जिथे लोक हसले नाहीत ते वाक्य कळंबला का चालले, हे त्याला त्या वहीतच सापडेल.